कॅमेऱ्याची काठी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

छायाचित्रकलेचा इतिहास सांगताना आपण भिंगांविषयी बोलतो, फिल्मविषयी बोलतो, हल्ली मेगापिक्सेलविषयी बोलतो. कॅमेरा ज्याच्यावर उभा राहतो त्या लाकडाविषयी किंवा नळीविषयी मात्र सहसा कुणी बोलत नाही. घर बांधून झाल्यावर पायाकडे कुणाचं लक्ष जात नाही, तसंच हे. पण कॅमेऱ्याला किती पाय होते आणि ते किती जड होते, यावर आपल्याकडे कुणाची छायाचित्रं निघाली आणि कुणाची निघाली नाहीत, हे बऱ्याच अंशी ठरलं आहे. आज मोनोपॉडची, म्हणजे एका पायाच्या कॅमेरा-स्टँडची गोष्ट सांगायची आहे. थोडक्या पैशांत तो कसा निवडावा, हेही शेवटी येईलच. पण तो मुळात कशासाठी जन्माला आला, हे कळलं की निवड निम्मी सोपी होते.

सुरुवात एका योगायोगानं करू. १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये दागेर याची छायाचित्र काढण्याची पद्धत जगापुढे जाहीर झाली. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, इंग्रजांनी साताऱ्याच्या गादीवरून प्रतापसिंह महाराजांना दूर केलं. महाराजांची रवानगी काशीला झाली आणि १८४७ मध्ये तिथंच त्यांचं निधन झालं. पुढच्या वर्षी, १८४८ मध्ये, साताऱ्याचं राज्य खालसा झालं. कॅमेरा आपल्या मुलखात रुळेपर्यंत ज्यांचं चित्र घ्यावं असा तो दरबारच उरला नव्हता. प्रतापसिंहांचं रूप आपल्यापर्यंत पोचलं ते चित्रकारांच्या कुंचल्यातून.

सांगलीची गोष्टही तशीच. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' सादर केलं. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण तिथून मोजतो. कॅमेऱ्याचा शोध लागून तेव्हा चार वर्षं झाली होती. पण समजा, कुणी तो कॅमेरा सांगलीत आणला असता, तरी त्या प्रयोगाचं चित्र निघालं नसतं. त्या काळच्या पत्र्यावर चित्र उमटायला भर उन्हात कित्येक सेकंद, कधी मिनिटंही लागत. दिव्यांच्या उजेडात नाचणारे, गाणारे, हातवारे करणारे नट त्या पत्र्यावर उमटलेच नसते.

तीन पायांचं राज्य

छायाचित्रासाठी दोन गोष्टी स्थिर लागतात, समोरचा माणूस आणि कॅमेरा. माणसाला स्थिर ठेवण्यासाठी जुन्या स्टुडिओंत खुर्चीमागे लोखंडी दांडा असे आणि त्याच्या टोकाला डोकं धरून ठेवणारा चिमटा. आपल्या पणजोबांच्या फोटोंत त्यांचे चेहरे इतके गंभीर का, याचं निम्मं उत्तर त्या चिमट्यात आहे. कॅमेरा स्थिर ठेवण्यासाठी लाकडाची तिवई असे. तिला कुणी घोडी म्हणे, कुणी नुसतंच स्टँड.

तीनच पाय का, हा प्रश्न लहान मुलांनी विचारण्यासारखा आहे आणि त्याचं उत्तरही सोपं आहे. चार पायांची खुर्ची खडबडीत जमिनीवर डुगडुगते, तीन पायांची घडवंची डुगडुगत नाही. तीन टेकू कशाही जमिनीवर एकाच वेळी टेकतात. मोजणीखात्याचे लोक दुर्बीण तिवईवर लावतात, तेही याच कारणानं.

१८५१ मध्ये काचेवरची ओली पद्धत आली. तिच्यात काचेला रसायन लावायचं, ती ओली असतानाच चित्र घ्यायचं आणि ओली असतानाच धुवायची. सगळं दहा-पंधरा मिनिटांच्या आत. म्हणजे छायाचित्रकाराबरोबर अंधारा तंबू, काचा, बाटल्या, पाणी, भला थोरला कॅमेरा आणि त्याला पेलणारी तिवई हे सगळं आलं. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखी मराठी माणसं त्यात होती. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही निघाला. म्हणजे विद्या आपल्याकडे लवकर आली. पण एवढा संसार बैलगाडीवर किंवा हमालांच्या डोक्यावर घालून खंबाटकीचा घाट चढायचा, तर पदरी पैसा नाहीतर सरकारी हुकूम तरी हवा.

म्हणून त्या काळातली चित्रं कुणाची आहेत ते पाहावं. राजेरजवाडे, अधिकारी, देवळं, लेणी, किल्ले. कोरेगावच्या बाजारातली भाजीवाली किंवा तासगावच्या रथोत्सवात दोर ओढणारा माणूस त्यांत क्वचितच दिसतो. यात आकसाचा भाग किती ते सोडून द्या. पण दोर ओढणारा माणूस थांबत नाही आणि तिवई गर्दीत उभी राहत नाही, ही अडचण खरी होती. जड स्टँड ज्याच्याकडे, त्याच्याच नजरेनं जग टिपलं जात होतं.

नाटकांचीही तीच गत झाली. किर्लोस्कर नाटक मंडळी १८८० मध्ये सुरू झाली. पुढे बालगंधर्वांचा काळ आला. त्यांचं नाव पलूस तालुक्यातल्या नागठाण्याशी जोडलेलं आहे. त्या काळातल्या नटांची जी चित्रं आपण पाहतो, ती बहुधा स्टुडिओत, रंगवलेल्या पडद्यापुढे, हात एका ठरावीक जागी ठेवून घेतलेली आहेत. त्यांत वेश दिसतो, शालू दिसतो, दागिने दिसतात. रंगमंचावरचा चालता प्रसंग दिसत नाही.

वाटाण्याचं रोप आणि कोल्हापूरचा लेथ

स्थिर कॅमेऱ्याची ताकद आपल्याकडे कुणी ओळखली असेल, तर ती दादासाहेब फाळके यांनी. १९१२ मध्ये ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. त्यासाठी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या होत्या, हे सर्वश्रुत आहे. परत आल्यावर त्यांनी काय केलं, तर कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा त्याच्यासमोर उभा करून रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर तो वाटाणा क्षणार्धात उगवताना, वाढताना दिसला. ती छोटी फिल्म दाखवून त्यांना पुढच्या चित्रपटासाठी भांडवल मिळालं आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. कुंडी आणि कॅमेरा, दोन्ही दिवसेंदिवस जागचे हलले नाहीत, म्हणून ते जमलं. कॅमेरा बोटभर जरी सरकला असता, तरी रोपानं उडी मारल्यासारखं दिसलं असतं.

सांगलीपासून पन्नास किलोमीटरच्या आसपास असलेल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी वेगळा रस्ता धरला. विलायती कॅमेरा परवडत नाही, तर आपणच करू, असं म्हणून त्यांनी लेथवर सुटे भाग कातून १९१८ च्या सुमाराला चित्रपटाचा कॅमेरा तयार केला. विष्णुपंत दामले त्यांच्या हाताशी होते. त्याच कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' चित्रित झाला आणि १९२० मध्ये तो लोकांपुढे आला. 

हे कोल्हापुरातच घडलं, यात नवल नाही. कृष्णाकाठचा आणि पंचगंगेकाठचा हा सगळा मुलूख तेव्हा यंत्रांची चव घेत होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले होते. काही रंग नीट ओळखता येत नाहीत, हे लक्षात आल्यावर ते यांत्रिक रेखनाकडे वळले. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळ किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात येते. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला १९१६ मध्ये काचेचा कारखाना निघाला आणि 'प्रभाकर' कंदील घरोघरी गेला. सातारा रोडला कूपर यांचा कारखाना उभा राहिला. 'बाहेरून आणायला परवडत नाही, तर इथे करून पाहू' ही वृत्ती या मातीत रुजली, ती अशी. ती लक्षात ठेवा, काठीच्या गोष्टीत ती पुन्हा येणार आहे.

दोन सुती बोल्टचा इतिहास

तोवर कॅमेरा हलका होत चालला होता. आधी कोरड्या काचा आल्या, १८८८ मध्ये ईस्टमनचा गुंडाळी फिल्मचा कोडॅक आला, १९०० मध्ये स्वस्तातला ब्राउनी आला आणि १९२५ मध्ये जर्मनीत लायका बाजारात आला. कॅमेरा हातात मावू लागला. उन्हात तिवईची गरज संपली. पण सावलीत, संध्याकाळी, लांबच्या भिंगानं चित्र घेताना हात थरथरतोच. यावर युरोपातल्या डोंगरभटक्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीलाच तोड काढली होती. चालायच्या काठीच्या डोक्यावर स्क्रू बसवायचा आणि थांबलं की त्यावर कॅमेरा लावायचा. आजच्या मोनोपॉडचा पूर्वज तोच.

हा स्क्रू आजही जगभर एकाच मापाचा आहे. गिरगावात घेतलेला कॅमेरा जपानी असो वा जर्मन, त्याच्या बुडाला जे भोक असतं ते पाव इंचाचं आणि इंचाला वीस आटे असलेलं. याचं मूळ १८४१ मध्ये आहे. त्या वर्षी जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्यानं सगळ्या कारखान्यांनी स्क्रूचे आटे एकाच हिशेबानं पाडावेत, अशी सूचना मांडली. तोवर प्रत्येक कारखान्याचा बोल्ट वेगळा आणि नट वेगळा असे. पुढे कॅमेऱ्याच्या स्टँडसाठी इंची आटेच रूढ झाले. जगात मीटर-मिलिमीटर आले, आपल्याकडेही १९५६ च्या कायद्यानं ते आले, पण कॅमेऱ्याचं बूड इंचातच राहिलं. आज त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचीही मान्यता आहे. 

आपल्या मिस्त्री लोकांच्या भाषेत एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणजे पाव इंची बोल्ट तो 'दोन सुती' आणि मोठ्या कॅमेऱ्यांना, स्टँडच्या डोक्यांना लागणारा तो 'तीन सुती', इंचाला सोळा आट्यांचा. हे सांगण्याचं कारण असं, की हार्डवेअरच्या दुकानात नुसता 'बारीक बोल्ट' मागितला तर सहा मिलिमीटरचा बोल्ट हातात पडण्याचा संभव असतो. दिसायला दोन्ही सारखेच. पण पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आणि आट्यांमधलं अंतरही वेगळं. सहाचा बोल्ट कॅमेऱ्यात ढिला बसतो, जोर लावला तर आटे खातो. मग हजारो रुपयांच्या कॅमेऱ्याचं बूड दोन रुपयांच्या बोल्टपायी निकामी होतं. तेव्हा 'दोन सुती, वीस आट्यांचा' असं स्पष्ट सांगून मागावा.

रिंगण, मैदान आणि सडा

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे 'आग्फा क्लिक थ्री'सारखे देशात तयार झालेले साधे कॅमेरे मध्यमवर्गाच्या घरात शिरले. तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ निघाले. लग्न, मुंज, शाळेचा गट-फोटो यांवर त्यांचा चरितार्थ चालला. आणि हळूहळू गावचा फोटोग्राफर गावची जत्राही टिपू लागला. एका पायाच्या स्टँडचं खरं मोल कळतं ते अशा तीन ठिकाणी.

पहिलं ठिकाण वारीचं. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. लोणंदनंतर तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब इथं पहिलं उभं रिंगण होतं. आषाढाचं आभाळ भरून आलेलं, उजेड मंद, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती आणि मधून अश्व धावत येणार. तिथं तिवई उघडणं म्हणजे तीन वारकऱ्यांची जागा अडवणं. एका पायाला मात्र तळहाताएवढी जागा पुरते.

दुसरं ठिकाण कुस्तीचं मैदान. १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. १९६४ चे हिंदकेसरी मारुती माने सांगली जिल्ह्यातल्या कवठेपिरानचे. या पट्ट्यात जत्रा म्हणजे कुस्ती हे समीकरणच आहे. चांगली कुस्ती दहा सेकंदांत निकाली होते, नाहीतर अर्धा तास खडाखडी चालते. त्या अर्ध्या तासात लांब भिंगाचा कॅमेरा डोळ्याला लावून ठेवणं खांद्याची परीक्षा असते. दोन किलोचं वजन पाच मिनिटांनी दहा किलोचं वाटू लागतं, आणि नेमकी ढाक बसते तेव्हा कॅमेरा खाली असतो.

तिसरं ठिकाण कास. साताऱ्यापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवरचा, बाराशे मीटरच्या आसपास उंचीचा हा सडा. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या यादीतून तो युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. तिथं ८५० च्या आसपास जातींच्या सपुष्प वनस्पतींची नोंद आहे. जांभ्या खडकावर मातीचा अगदी पातळ थर आणि त्यावर सीतेची आसवं, तेरडा, गेंद, कवळा. इथं प्रश्न आपल्या सोयीचा नाही, फुलांच्या जिवाचा आहे. तिवईचे तीन टोकदार पाय, फोटोग्राफरचे दोन पाय आणि टेकवलेला गुडघा, असा हिशेब एका चित्रामागे धरला आणि सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या माणसांनी त्याला गुणलं, तर काय होतं ते सांगायला नको. पातळ मातीवर एकदा दबलेली जागा पुढच्या मोसमात तशीच फुलेल याची खात्री नसते. पायवाटेवर उभं राहून, एका पायावर लांब भिंग टेकवून चित्र घेणं हाच तिथला सभ्य मार्ग. अगदी बुटक्या फुलांसाठी ज्वारी भरलेली कापडी पिशवी वाटेवरच्या दगडावर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवावा.

सागरेश्वरचं हरणांचं अभयारण्य असो किंवा चांदोली-कोयनेचं रान असो, तिथंही हाच न्याय लागू पडतो. शिवाय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत तिवई लावायला वेगळी परवानगी लागते. काठीलाही कुठं हरकत असू शकते. आत शिरण्याआधी विचारलेलं बरं.

काठी काय करते आणि काय करत नाही

छायाचित्रकारांचा एक जुना ठोकताळा आहे. भिंग जितक्या मिलिमीटरचं, सेकंदाच्या तितक्याव्या भागात चित्र घ्यावं. म्हणजे हात हलल्याचं कळत नाही. २५० मिलिमीटरचं भिंग असेल तर सेकंदाचा अडीचशेवा भाग. काठीचा आधार घेतला की हेच चित्र सेकंदाच्या साठाव्या भागातही स्वच्छ येऊ शकतं. म्हणजे चौपट उजेड मिळाला. ढगाळ आभाळाखाली हा फरक मोठा आहे.

पण काठी घोड्याला थांबवत नाही. धावत्या अश्वासाठी सेकंदाचा पाचशेवा भाग लागत असेल, तर तो काठीवरही लागतोच. तिथं काठी वाचवते ती खांदा आणि मनगट. हल्लीच्या कॅमेऱ्यांत आणि भिंगांत कंप शोषून घेणारी यंत्रणा असते, म्हणून काठीची गरज संपली असं काही जण म्हणतात. ती यंत्रणा हाताचा कंप कमी करते, वजन कमी करत नाही. तासभर वाट पाहायची असेल तर काठीच कामाला येते. उलट रात्रीचा किल्ला, चांदण्यांच्या रेषा, घाटातल्या गाड्यांचे दिवे यांसाठी अनेक सेकंद लागतात. तिथं एक पाय चालत नाही, तिवईच हवी. 

काठी वापरायची रीतही सोपी आहे. आपले दोन पाय थोडे फाकवावेत, काठीचं टोक दोन्ही पावलांच्या थोडं पुढे टेकवावं आणि अंग हलकेच तिच्यावर झुकवावं. माणसाचे दोन आणि काठीचा एक, मिळून तिवई पुरी झाली. काठीवर घोंगडी टाकून मेंढरांकडे बघत उभ्या राहिलेल्या माणदेशी धनगराला हे कुणी शिकवावं लागत नाही.

थोडक्या पैशांत निवड

आता खरेदीकडे वळू. नावाजलेल्या विदेशी कंपन्यांचे कार्बनच्या नळीचे मोनोपॉड महाग असतात. ते हलके असतात, एवढाच त्यांचा मोठा गुण. हौशी माणसाला किंवा गावच्या फोटोग्राफरला हजार-दोन हजारांच्या घरातला अ‍ॅल्युमिनियमचा मोनोपॉड पुरतो. मात्र घेताना पाच गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट उंची. काठी पूर्ण उघडल्यावर कॅमेरा डोळ्याला लागला पाहिजे. कॅमेऱ्याचं बूड आणि डोळा यांत तीन-चार इंचांचं अंतर असतं, तेवढी काठी बुटकी चालते. पण उतारावर उभं राहायचं असेल तर थोडी जास्तच हवी. वाकून काढलेल्या चित्रांनी पाठ धरते.

दुसरी गोष्ट नळ्यांची संख्या. जितके जास्त टप्पे, तितकी काठी मिटल्यावर लहान. पण तितकीच शेवटची नळी बारीक आणि लवचिक. एसटीनं हिंडणाऱ्याला चार टप्पे हा बरा मध्य. शेवटची नळी करंगळीसारखी असेल तर घेऊ नये.

तिसरी गोष्ट कुलूप. खटक्याचं कुलूप पटकन लागतं आणि लागलं की नाही हे डोळ्यांना दिसतं. पिळायच्या कुलपात धूळ शिरली की ते करकरतं. जत्रेची धूळ आणि वारीचा चिखल धरला तर खटका बरा. त्याचा स्क्रू पुढे आवळता येतो ना, एवढं विचारावं. दुकानातच काठी पूर्ण उघडून, सगळी कुलपं लावून, दोन्ही हातांनी हळूहळू भार द्यावा. नळी आत सरकली तर काठी तिथंच ठेवून निघावं.

चौथी गोष्ट भार. कॅमेरा आणि भिंग मिळून जेवढं वजन, त्याच्या निदान दुप्पट वजन पेलेल असं डब्यावर लिहिलेलं असावं. आकडे लिहिण्यात उदारपणा असतो, म्हणून दुप्पट.

पाचवी गोष्ट डोकं, म्हणजे कॅमेरा वाकवण्याचा वरचा सांधा. स्वस्त काठीबरोबर येणारं प्लास्टिकचं डोकं हाच तिचा सर्वांत कच्चा भाग असतो. एका पायाच्या स्टँडला पुढे-मागे वाकणारं साधं धातूचं डोकं पुरतं. बाजूला वळायला काठीच वळवायची असते. लांब भिंगाला स्वतःचं कडं असेल, तर डोकं नसलं तरी चालतं. पैसे कमी असतील तर चांगली नळी आणि बिनडोक्याची काठी घ्यावी, डोकं मागाहून घ्यावं. चांगली नळी मागाहून जोडता येत नाही.

आणखी एक सावधगिरी. सेल्फी काढायच्या काठीलाही बाजारात मोनोपॉडच म्हणतात. १९८० च्या दशकात मिनोल्टा कंपनीतल्या हिरोशी उएदा यांनी तशा काठीचं पेटंट घेतलं होतं, ती वंशावळ निराळी. ती हातात धरून पुढे करायची काठी आहे, जमिनीवर टेकवून भार द्यायची नव्हे. स्वस्त दिसली म्हणून ती घेतली, तर कॅमेऱ्यासकट खाली बसेल.

आणि पैसेच नसतील तर

तर किर्लोस्करवाडीची आठवण करावी. सरळ, भरीव, वाळलेली वेळूची काठी घ्यावी. वरचं टोक सपाट कापून त्यात दोन सुती बोल्ट डोकं खाली करून बसवावा, अराल्डाइट भरून एक दिवस सुकू द्यावा, वर रुंद वायसर आणि त्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा. बोल्टचं टोक त्या तुकड्याच्या वर पाच मिलिमीटरपेक्षा जास्त येता कामा नये, नाहीतर ते कॅमेऱ्याच्या पोटात रुततं. खाली औषधांच्या दुकानात मिळणारं, म्हाताऱ्या माणसांच्या काठीचं रबरी बूड बसवावं. ही काठी मिटत नाही आणि एसटीत लोकांना लागते, एवढाच तिचा दोष.

तेही नको असेल तर सुतळी आहे. दोन सुती बोल्टला सुतळी बांधावी, बोल्ट कॅमेऱ्याला लावावा, सुतळीचं दुसरं टोक पायाखाली दाबावं आणि कॅमेरा वर ओढून सुतळी ताठ करावी. ताणामुळे कॅमेऱ्याचं वर-खाली हलणं बऱ्यापैकी थांबतं. ही युक्ती फिल्मच्या जमान्यापासून चालत आली आहे आणि तिला चहाइतकाही खर्च येत नाही.

एवढी सगळी उठाठेव कशासाठी, असं कुणी विचारेल. आता खिशातल्या फोननं कुणीही फोटो काढतो. खरं आहे. पण रिंगणातला लांबचा चेहरा, मैदानाच्या मधोमध लागलेली पकड, सागरेश्वरच्या गवतातलं कान टवकारलेलं हरीण, हे फोनच्या बारक्या भिंगाला अजून नीट जमत नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी सांगलीतला नट आणि साताऱ्यातला बाजार चित्रात आला नाही, कारण कॅमेऱ्याचे पाय जड होते आणि ते उचलणारे हात बाहेरचे होते. आज पाय एकच आहे आणि तो हलका आहे. आपल्या गावच्या जत्रेला पुढच्या खेपेला जाताना तो बरोबर न्यावा, चित्रं काढावीत आणि घरी आल्यावर प्रत्येक चित्रामागे गाव, तारीख आणि माणसाचं नाव लिहून ठेवावं. जुन्या चित्रांत नेमकं तेच लिहिलेलं सापडत नाही.